दुरून डोंगर, जवळून ढग

उन्हाळ्याची सुटी लागली म्हणजे सुशिक्षित कुटुंबांत एक प्रश्न हटकून निघतो, तो 'यंदा कोठे जावयाचे?' हा होय. पूर्वी हा प्रश्न निघत नसे, कारण त्याचे उत्तर ठरलेले असे. मुलांनी आजोळी जावे, वडीलधाऱ्यांनी कुलदैवताच्या दर्शनास जावे, आणि ज्यांस ह्यांपैकी काहीच शक्य नसेल त्यांनी गच्चीवर बसून पापड-कुरडयांची राखण करावी. आता आजोळ बहुधा त्याच शहरात दोन पेठा पलीकडे आलेले असते, पापड दुकानात मिळतात, आणि कुलदैवतास मोटारीने सकाळी जाऊन रात्री जेवावयास घरी परतता येते. त्यामुळे उरलेली सुटी कोठे तरी नेऊन खर्च करावी लागते. आणि उष्मा फार असल्यामुळे ती बहुधा डोंगरावर नेण्यात येते. अशी सहल साधली तर तिची छायाचित्रे उरतात; फसली तर तिच्या गोष्टी उरतात. छायाचित्रे दुसऱ्यांदा कोणी पाहत नाही, गोष्टी मात्र वीस वीस वर्षे सांगितल्या जातात. तथापि सहल फसते ती का, ह्याचा विचार सहसा होत नाही. दोष पावसास, रस्त्यास किंवा ज्याने बेत आखला असेल त्यास देऊन मंडळी मोकळी होतात. ह्या महिन्यात तो विचार करण्याचे आम्ही योजिले आहे. उदाहरण घरचेच घेतो. कारण दुसऱ्याच्या घरची फजिती चवीने सांगणे शिष्टसंमत नाही.

सन २०२५ च्या मे महिन्यात आमच्या घरची बारा माणसे चार दिवसांकरिता महाबळेश्वरास गेली होती. आम्ही उभयता, आमचे धाकटे बंधू व भावजय, दोघे चिरंजीव, दोघी सुना, तीन नातवंडे आणि आमच्या आत्याबाई असा हा परिवार. बेत सर्वस्वी धाकट्या चिरंजीवांचा. ऑगस्टात ते नोकरीनिमित्त सहकुटुंब बंगळूरास राहावयास जाणार होते. तेव्हा घर पांगण्यापूर्वी एकदा सर्वांनी मिळून कोठे तरी जावे, अशी त्यामागची भावना. ती कोणी बोलून दाखविली नाही. कारण आमच्याकडे असल्या गोष्टी बोलून दाखविण्याची रीत नाही, सामान बांधण्याच्या गडबडीत त्या दडवून टाकण्याची रीत आहे.

चिरंजीवांनी आपल्या मोबाइलमध्ये एक तक्ता तयार केला होता. चार दिवसांत पाहावयाची चौदा ठिकाणे, प्रत्येक ठिकाणी पोहोचण्याची वेळ आणि तेथे आनंद मानण्यास दिलेली मिनिटे, इतका तपशील त्यात होता. शाळेच्या वार्षिक तपासणीच्या वेळीही आम्ही इतके नेटके वेळापत्रक पाहिलेले नाही. तक्त्याच्या अगदी शेवटी, चौथ्या दिवसाच्या रकान्यात, 'क्षेत्र महाबळेश्वर (वेळ उरल्यास)' अशी एक नोंद होती. ही नोंद आत्याबाईंसाठी. आत्याबाईंचे वय ब्याऐंशी. त्यांचे लहानपण वाईस, कृष्णेच्या घाटावर गेले. लग्न होऊन त्या पुण्यास आल्या, आणि पुढे आमची आई अंथरुणास खिळली तेव्हा आमच्या भावंडांची वेणीफणी, अभ्यास व आजारपणे त्यांनीच काढली. त्यांनी आजवर कोणाजवळ काही मागितल्याचे स्मरत नाही. महाबळेश्वराचे नाव निघाले तेव्हा मात्र त्या म्हणाल्या, "माझी कृष्णा निघते कोठून, तेवढे एकदा पाहीन म्हणते." त्या वेळी सर्वांनी माना डोलावल्या. मान डोलावणे आणि तक्त्यात जागा देणे ह्या दोन भिन्न क्रिया आहेत.

शनिवार, ता. २४ मे रोजी पहाटे पाचास निघावयाचे ठरले होते. त्याप्रमाणे आम्ही पावणेआठास निघालो. पुण्याहून महाबळेश्वर सुमारे १२० किलोमीटर. खंबाटकी ओलांडून वाईपर्यंत सर्व सुरळीत झाले. पुढे पसरणीचा घाट लागला, आणि तेथे सुटीतील वाहनांची रांग अशी काही खोळंबली की, मागच्या-पुढच्या गाड्यांतील मंडळींशी आमचा घरोबा झाला. पुढच्या गाडीतील गृहस्थांचे मूळ गाव, गोत्र आणि रक्तातील साखरेचे प्रमाण ही तिन्ही आमच्या बंधूंस घाट संपण्यापूर्वी अवगत झाली होती. इकडे धाकट्या नातवास वळणांमुळे मळमळू लागले. त्याकरिता आवळासुपारीची डबी मुद्दाम घेतलेली होती. पण ती नीट सांभाळून राहावी म्हणून गाडीच्या टपावरील सर्वांत खालच्या पेटीत ठेवण्यात आली होती. ती मिळेपर्यंत औषधाचे प्रयोजन उरले नाही, आणि थोरल्या चिरंजीवांचा नवा सदराही उरला नाही.

भाड्याने घेतलेल्या बंगल्याचा स्वयंपाकी फाटकाशी आमची वाट पाहत उभा होता. परंतु तो स्वागतासाठी नव्हे, रजा मागण्यासाठी. ह्या डोंगरावर पावसाळ्यापूर्वी घरांच्या भिंतींभोवती गवताचे जाड आवरण बांधावे लागते. अलीकडे त्या जागी प्लास्टिकची कापडेही लावितात. नाही तर आडव्या पावसाने भिंती भिजून ओल घरात शिरते. हे काम जूनच्या आरंभापर्यंत उरकले तरी चालते, असा दर वर्षीचा हिशेब. त्या वर्षी मात्र पावसाने तो हिशेब मोडला. मोसमी पाऊस ता. २५ मे रोजी महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर आणि ता. २६ मे रोजी मुंबईस येऊन ठेपला. मुंबईस त्याची नेहमीची तारीख ११ जून मानतात. त्याच्या आगेमागे डोंगरावर सरी सुरू झाल्याच होत्या, आणि त्या माणसाचे घर उघडे होते. जो पाऊस आमची सहल बुडविणार होता तोच त्याच्या घरात शिरणार होता. त्यास 'जा' म्हणण्यावाचून दुसरा मार्ग नव्हता. तो गेला, आणि बारा माणसांचा स्वयंपाक सुनांकडे आला.

सुनांनी तक्रार केली नाही; फक्त थोरल्या सूनबाईंनी कुकर बाहेर काढला, त्याकडे क्षणभर पाहिले आणि शांतपणे विचारले, "शिट्टी कोणाच्या पिशवीत आहे?" शिट्टी पुण्यास होती. चारचौघांच्या मते ती ज्याने बांधावयाची होती, त्या व्यक्तीचे नाव त्या रात्री तीन वेळा बदलले. भात पातेल्यात शिजला आणि रात्री साडेदहास जेवणे झाली. आमच्या बंधूंनी 'मोकळ्या हवेत स्वयंपाक करणे हाही एक विरंगुळाच आहे' असा विचार मांडला. भावजयीने त्यांच्याकडे अशा दृष्टीने पाहिले की, त्यांनी तो विचार पुढे वाढविला नाही.

दुसऱ्या दिवशी तक्त्याप्रमाणे 'पॉइंट' पाहण्यास आरंभ झाला. वाचकांपैकी ज्यांनी महाबळेश्वर पाहिले असेल त्यांस तेथील नावांची यादी पाठ असेल: आर्थर्स सीट, एल्फिन्स्टन, केट्स, लॉडविक, विल्सन. ही नावे डोंगराची नव्हेत, डोंगरावर आलेल्या साहेबलोकांची आहेत. लॉडविक नावाचा सैन्यातील अधिकारी १८२४ साली हा चढ चढून आला. पुढे मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर जॉन माल्कम ह्यांच्या मनात ही हवा भरली, आणि १८२९ साली साताऱ्याच्या महाराजांकडून ही जागा घेऊन तेथे आजारी गोऱ्या शिपायांसाठी व उष्म्याने त्रासलेल्या अधिकाऱ्यांसाठी त्यांनी वसाहत वसविली. तिला त्यांच्याच नावावरून माल्कम पेठ म्हणू लागले. 'हवा खावयास जाणे' हा शब्दप्रयोग आणि त्यामागची कल्पना आपल्याकडे रुजली ती अशा ठिकाणांमुळे. तोपर्यंत आपल्या लोकांस डोंगर परिचित नव्हता असे नाही. परंतु डोंगरावर जावयाचे ते देवासाठी, किल्ल्यासाठी, मधासाठी, हिरड्यासाठी किंवा गुरांच्या मागे; नुसते कड्यावर उभे राहून खाली पाहण्यासाठी कोणी जात नसे.

आम्हीही कड्यावर उभे राहून खाली पाहिले. खाली पांढरे होते. वर पाहिले, तेथेही पांढरेच होते. समोर हात पसरला तर स्वतःचे बोट दिसे, पण बोटाने दाखविलेली वस्तू दिसत नसे. अशा स्थितीत एक वाटाड्या आम्हांस भेटला. त्याच्या गळ्यात दुर्बीण होती. तो म्हणाला, "ह्या बाजूला सावित्रीचे खोरे, त्या बाजूला कोयनेचे जंगल, आणि ते पलीकडे दिसतो तो प्रतापगड." आम्ही क्रियापदाकडे त्याचे लक्ष वेधून 'दिसतो' ह्याऐवजी 'असतो' म्हणावे असे सुचविले. त्याने ती सुधारणा आनंदाने मान्य केली, आणि पुढे सर्व खोरी, सुळके व धबधबे 'असतात' ह्याच क्रियापदाने दाखविले. त्याचे पैसे मात्र त्याने वर्तमानकाळातच घेतले. आत्याबाईंच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे. त्या काठी टेकून बराच वेळ त्या पांढऱ्या पोकळीकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "अरे, हे तर मला पुण्यातसुद्धा असेच दिसते. एवढा पेट्रोलचा खर्च कशाला केलात?"

ह्याच ठिकाणी वानराचा प्रसंग घडला. आमच्या सौभाग्यवतींनी घरून बेसनाचे लाडू आणले होते, आणि नातवंडांस ते देण्यासाठी डबा उघडला गेला. धुक्यातून एक हात आला, डबा घेऊन गेला, आणि त्या हाताचा धनी जवळच्या झाडावर बसून लाडू खाऊ लागला. त्याने पहिला लाडू फोडला, हुंगला आणि टाकून दिला. दुसऱ्याचेही तसेच केले. लाडू गेल्याचे दुःख सौभाग्यवतींनी सहन केले असते. परंतु ते वानराने नाकारावे हे त्यांस दिवसभर लागून राहिले.

येथे थोडे विषयांतर करणे भाग आहे. ज्यास आम्ही धुके म्हणून नावे ठेवीत होतो ते वस्तुतः धुके नव्हतेच. तो मेघ होता. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे सह्याद्रीच्या भिंतीवर आदळतात, वर चढतात, चढता चढता थंड होतात आणि त्यांतील बाष्पाचे जलकण होतात. महाबळेश्वर ह्या भिंतीच्या माथ्यावर, सुमारे १,३७० मीटर उंचीवर बसलेले आहे. म्हणून मेघास त्याच्यावरून जावयाचे नसते, त्याच्यातून जावयाचे असते. मेघदूतातील यक्ष रामगिरीवर उभा राहून मेघास निरोप सांगतो. तो मेघ त्याच्यासमोर होता म्हणून काव्य झाले. आम्ही मेघाच्या पोटात उभे राहून 'धाकटा कोठे आहे? छत्री कोणाजवळ आहे?' असे निरोप एकमेकांस देत होतो, म्हणून प्रहसन झाले. ह्या ठिकाणी वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, म्हणजे पुण्याच्या सात-आठ पट. अठरा-वीस किलोमीटर पूर्वेस पाचगणीस तो पुष्कळ कमी होतो, आणि घाट उतरून वाईस आणखी कमी होतो. तात्पर्य, मेघ अडविणे आणि पाणी उतरवून घेणे हा ह्या डोंगराचा खरा धंदा आहे. देखावा दाखविणे हा त्याचा जोडधंदा. आणि तोही सवड असेल तेव्हाचा.

तिसऱ्या दिवशी वेण्णा तलावावर गेलो. हा तलाव १८४२ साली साताऱ्याचे अप्पासाहेब महाराज ह्यांनी बांधविला. पावसामुळे नौका काठाशी उलट्या घालून ठेवलेल्या होत्या. मुलांस स्ट्रॉबेरीचे मळे दाखविण्याचे वचन दिलेले होते. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीस २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. परंतु मानांकन बारमाही असले तरी पीक हिवाळ्यापासून वसंतापर्यंतचे. मे महिन्याच्या शेवटी मळ्यात नुसता चिखल होता, आणि त्यात मधल्या नातीचा एक बूट कायमचा राहिला. थोरल्या नातवास घोड्यावर बसविले, तर घोडा पंचवीस पावले जाऊन आपल्या तबेल्याकडे वळला व आत जाऊन उभा राहिला. नातू वर, घोडा आत, बाहेर पाऊस, अशा स्थितीत पाऊण तास गेला. घोड्याच्या विवेकाविषयी आमच्या मनात आदर उत्पन्न झाला.

त्या सायंकाळी वीज गेली. तक्ता मोबाइलमध्ये होता आणि मोबाइल विझला. आता आपण काय काय पाहावयाचे होते आणि त्यांपैकी काय काय पाहिले नाही, हे कोणासच निश्चित सांगता येईना. आणि काय आश्चर्य, दोन दिवसांत प्रथमच घरात शांतता पसरली. परंतु ती वरवरची. धाकट्या सूनबाई स्वयंपाकघराच्या दारात ओल्या फडक्याने हात पुसत उभ्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "पुढच्या वर्षी आपण सगळे एकत्र असू की नसू, म्हणून मला वाटले होते..." पुढचे वाक्य त्यांनी पुरे केले नाही. धाकटे चिरंजीव खिडकीबाहेर पाहू लागले. खिडकीबाहेर दिसण्यासारखे काही नव्हते, हे त्यांसही ठाऊक होते.

तेव्हा आत्याबाई उठल्या. "आज चुलीपाशी बायका बसणार नाहीत," त्या म्हणाल्या. "आम्ही लहानपणी पंढरपूरच्या यात्रेस जात असू, तेव्हा आमचे वडील तीन दगडांची चूल मांडीत, काका पाणी आणीत, आणि पिठले दोघे मिळून करीत. यात्रेत कामे ज्याची त्याची नसतात, सगळ्यांची असतात." ह्या आज्ञेपुढे अपील नव्हते. मेणबत्तीच्या उजेडात थोरल्या चिरंजीवांनी पिठले केले, बंधूंनी भाताकडे लक्ष दिले, धाकट्यांनी भांडी घासली, आणि कांदा चिरण्याचे काम आमच्याकडे आले. चिरंजीव व्यवसायाने स्थापत्यशास्त्राचे अभियंता आहेत. पिठल्यास ते शास्त्र लागू पडल्याचे दिसून आले. पळी त्यात उभी राहत होती. सुना अंगावर शाली घेऊन पाटावर बसल्या आणि त्यांनी पहिल्याने वाढून घेतले. पिठले कठीण आहे की अतिकठीण, ह्यावर वाद होऊन इतके हसू लोटले की, शेजारच्या बंगल्यातील मंडळी कंदील घेऊन चौकशीस आली व पिठले खाऊन गेली. जेवणानंतर आत्याबाईंनी वाईच्या कृष्णाबाईच्या उत्सवाच्या गोष्टी सांगितल्या. मोबाइल नसल्यामुळे नातवंडांनी त्या शेवटपर्यंत ऐकल्या.

चौथ्या दिवशी सकाळी पावसाचा जोर तसाच होता. कडे, तलाव, मळे सर्व बाद झाले होते. उघडे असे एकच ठिकाण राहिले, ते तक्त्यात शेवटी ढकललेले क्षेत्र महाबळेश्वर. देवदर्शनास स्वच्छ हवामानाची अट नसते. तेथील पंचगंगेच्या देवळात कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री व गायत्री ह्या पाच नद्यांचे प्रवाह एकत्र होऊन दगडी गोमुखातून कुंडात पडतात. मूळ देऊळ तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव राजा सिंघणाने बांधविले, असे सांगतात. सरस्वती व भागीरथी ह्या आणखी दोन नद्या ठरावीक वर्षांनी तेथे प्रकट होतात, अशीही श्रद्धा आहे. आत्याबाईंना दोन्ही नातवांनी हाताला धरून ओल्या पायऱ्यांवरून आत नेले. त्यांनी गोमुखाखाली ओंजळ धरली, ती भरून वाहू दिली, पुन्हा धरली. पुष्कळ वेळाने त्या म्हणाल्या, "इथे एवढीशी आहे. वाईला येईपर्यंत केवढी होते बघा." बस, इतकेच. त्यांनी घरून आणलेले लहान तांब्याचे गडू भरून घेतले आणि त्याच्या तोंडास रुमाल बांधला.

बाहेर ओसरीत उभे असता मधल्या नातीने आम्हांस विचारले की, ह्या सगळ्या नद्या एकाच डोंगरावर निघतात तर एकाच समुद्रास का मिळत नाहीत? प्रश्न उत्तम होता. ह्या माथ्यावर शेजारी शेजारी पडलेल्या पावसाच्या दोन थेंबांपैकी एक सावित्रीत गेला तर सह्याद्रीचा कडा उतरून, कोकणातून बाणकोटाच्या खाडीने थोडक्याच प्रवासात अरबी समुद्रास पोहोचतो. दुसरा कृष्णेत गेला तर महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगणा व आंध्र प्रदेश ओलांडीत सुमारे १,४०० किलोमीटर चालून बंगालच्या उपसागरास मिळतो. वेण्णा साताऱ्याजवळ माहुलीस येऊन कृष्णेस मिळते, कोयना कऱ्हाडास. म्हणजे येथे वेगळ्या झालेल्या बहिणींपैकी काही पुढे कोठे तरी पुन्हा भेटतात, काही भेटत नाहीत. पण निघालो कोठून हे सर्वांचे एकच. भूगोलाचा हा पाठ आम्ही वर्गात पस्तीस वर्षे शिकविला असेल. त्या दिवशी तो ऐकणाऱ्यांत धाकटे चिरंजीवही होते, आणि ते फार लक्ष देऊन ऐकत होते.

परतीच्या वाटेवर पाचगणीजवळ भिलार गावी थांबलो. शासनाने ता. ४ मे २०१७ रोजी तेथे 'पुस्तकांचे गाव' सुरू केले. गावकऱ्यांनी आपल्या घरांतील खोल्या पुस्तकांस दिल्या आहेत. कोणीही जावे, बसावे व वाचावे. बाहेर धो धो पाऊस आणि आत तिन्ही नातवंडे भिंतीस टेकून वाचीत बसलेली, असे दृश्य तेथे एक तास पाहावयास मिळाले. सबंध सहलीत दुर्बिणीवाचून स्पष्ट दिसलेले दृश्य एवढेच.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. सहल फसली ती पावसाने काय? पाऊस तर चौथ्या दिवशीही होता. आमच्या मते भेद आहे तो निघतानाच्या भावनेत. यात्रेकरू कष्ट गृहीत धरून निघतो; म्हणून वाटेत जे सुख मिळेल ते त्यास लाभ वाटते. सहलीस जाणारा सुख गृहीत धरून निघतो. म्हणून वाटेत जो त्रास होईल ती त्यास फसवणूक वाटते. यात्रेकरूस एक वस्तू पाहावयाची असते आणि ती मिळाली की तो कृतार्थ होतो. दुसऱ्यास चौदा पाहावयाच्या असतात, आणि तेरा पाहिल्या तरी चौदावी त्याचा पिच्छा सोडीत नाही. ह्याचा अर्थ सर्वांनी तीर्थेच करीत सुटावे असा नव्हे. तीर्थक्षेत्रींही रांगा, रुसवे आणि हरवलेली पादत्राणे असतातच. विश्रांतीसाठी डोंगरावर जाणे हेही सर्वथा योग्य आहे. मात्र ती विश्रांती कोणाची, हे निघण्यापूर्वी ठरले पाहिजे. घरची चूल डोंगरावर नेऊन पेटविली आणि तिच्यापुढे घरच्याच बायका बसविल्या, तर पुरुषांची हवापालट होते. बायकांचा फक्त ओटा बदलतो.

म्हणून आमच्या वाचकांस तीन सूचना कराव्याशा वाटतात. पहिली ही की, 'कोठे जावयाचे' ह्याच्या आधी 'कोणासाठी जावयाचे' हे ठरवावे. आणि घरातील जे माणूस सहसा काही मागत नाही, त्याने मागितलेली गोष्ट पहिल्या दिवशी सकाळी करावी, शेवटच्या दिवशी वेळ उरल्यास करू नये. गुडघे आणि डोळे हे वेळ उरेपर्यंत थांबत नसतात. दुसरी सूचना स्वयंपाकाची. एक तर जेवणाची सोय बाहेर करावी, नाही तर निघण्यापूर्वीच पाळ्या लावून त्यांत पुरुषांची नावे ठळक अक्षरांनी लिहावी. पिठले घट्ट झाले तरी हरकत नाही. घट्ट पिठल्याने कोणतेही कुटुंब मोडल्याचे ऐकिवात नाही. तिसरी सूचना डोंगराविषयीची. 'दुरून डोंगर साजरे' ही म्हण आपण डोंगराच्या निंदेसाठी वापरतो. तीत निंदा करण्यासारखे काही नाही. दुरून जो साजरा दिसतो तो जवळून ओला असावयाचाच. तो ओला आहे म्हणून तर आपल्या नळास पाणी आहे. तेव्हा ढग आडवा आला तर त्यावर रागावू नये; तो आपल्या कामावर असतो, आपणच सुटीवर असतो.

धाकटे चिरंजीव ठरल्याप्रमाणे ऑगस्टात बंगळूरास गेले. त्यांच्या देवघरात आत्याबाईंनी दिलेले ते गडू आहे. थोरल्या चिरंजीवांनी तेथे जाऊन पुन्हा एकदा पिठले करून दाखविले, ते पहिल्यापेक्षा किंचित मऊ झाल्याचे कळते. वानराचा विषय आमच्या घरी अद्याप काढता येत नाही. आणि प्रवासास निघणाऱ्या भगिनींस एक अखेरचे सांगणे: कुकरची शिट्टी कुकरातच ठेवावी, आणि आवळासुपारी कोणा तरी जागरूक माणसाच्या खिशात.